काय वाची राहिना, भाऊ?

शहाद्याला रेल्वे नाही. नंदुरबारला आहे, दोंडाईच्याला आहे, पण मधे तापी आडवी पडली आणि आम्ही राहिलो तिच्या या काठाला. मुंबईकराचं लोकलमधलं वाचन आमच्या नशिबी नाही. आमचं चारचौघांतलं वाचन सगळं एसटीच्या हवाली. नंदुरबारला अपडाऊन करणाऱ्या माझ्यासारख्याचा जाताना तास-सव्वा तास जातो, येताना तितकाच. शिवाय गाडी लागेपर्यंत स्टँडवरच्या बाकावर काढलेला वेळ वेगळा. तो कोणी मोजत नाही, महामंडळही नाही. एवढ्या वेळात वर्षाला कपाटभर पुस्तकं सहज होतात. होतातही. अडचण एवढीच की ती मी एकटा वाचत नाही.

एसटीत पुस्तक उघडलं की ते गाडीचं होतं. शेजारचा माणूस डाव्या पानावर हक्क सांगतो. मागचा सीटच्या दांडीवर हनुवटी टेकून वरून वाचतो आणि मी त्याच्या आधी पान उलटलं तर 'च्' करतो. कंडक्टर मशीनमधून तिकीट काढता काढता पुस्तकाचं नाव वाचून घेतो. हे सगळं मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण पुस्तक वाचून झालं की ही मंडळी माझ्याकडे वळतात. म्हणजे पुस्तक नव्हे, पुस्तकाचं नाव वाचून झालं की. आणि मग जे काही ठरतं ते माझ्याबद्दल ठरतं.

"काय वाची राहिना, भाऊ?" प्रश्न अहिराणीत येतो म्हणून गोड वाटतो. विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच तयार असतं. त्याला फक्त आपली सही हवी असते.

पहिला आणि सर्वांत मोठा संशय परीक्षेचा. हातात पुस्तक धरलेला माणूस एक तर एमपीएससी करतो, नाहीतर तलाठी भरती, नाहीतर पोलीस भरती. यात कुणाचा दोष नाही. अभ्यासिकेत खुर्ची धरायला पोरं सकाळीच दप्तर टाकून जातात. पहाटे फिरायला निघावं तर भरतीवाली पोरं-पोरी धापा टाकत शेजारून जातात. ज्या घरात पुस्तकानं नोकरी आणली, निदान आणेल अशी आशा आहे, त्या घराला पुस्तकाचा दुसरा उपयोग सुचावा तरी कसा? मी पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर केस मोजके, तेही पांढरे. तरी विचारणारे विचारतात. एका पोरानं तर माझ्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं आणि म्हणाला, "सर, वयोमर्यादा वाढली का?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. माझ्या वाचनाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याचं स्वतःचं शेवटचं वर्ष चालू होतं.

जरा समंजस माणसं "मुलासाठी का?" असं विचारतात. एकाला मी सांगितलं, "नाही हो, माझ्यासाठीच." त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "डिपार्टमेंटल?" खात्याची परीक्षा राहिलेला माणूस म्हणजे अडलेलं प्रमोशन, आणि अडलेल्या प्रमोशनबद्दल मोठ्यानं बोलू नये, एवढी माणुसकी आमच्या गाडीत आहे. त्यानं मला शेंगदाणे दिले. मी घेतले. आता कुठं त्याला सांगत बसू की मी व्यंकटेश माडगूळकर वाचतोय आणि मला कुठंच चढायचं नाही.

वाचता वाचता हसू आलं तर मात्र पंचाईत होते. परीक्षेच्या पुस्तकाला कोण हसतं? मोबाइलकडे बघून माणूस हसला तर कुणी वळून पाहत नाही, पण पुस्तकाकडे बघून हसणाऱ्याच्या घरच्यांची लोकांना काळजी वाटते.

पैशाच्या पुस्तकाची तऱ्हा निराळी. पुतण्यानं मोठ्या आग्रहानं 'रिच डॅड पुअर डॅड'चा मराठी अनुवाद हातात ठेवला होता. तो घेऊन गाडीत बसलो. माणसं वरच्या दांड्याला लटकलेली, दोन टोपल्या आणि एक सायकलची ट्यूब पायात, आणि तापीवरचा, प्रकाशा गावाजवळचा पूल येईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी! उलगडा नंतर झाला. मधल्या काळात गावोगाव अशा बैठका झाल्या होत्या: ओळखीचा माणूस चहाला बोलावतो, फळ्यावर त्रिकोण काढतो आणि समजावतो की तुम्ही दोन माणसं आणा, ती दोघं आणखी दोन-दोन आणतील, मग घरबसल्या पैसा. त्या त्रिकोणात पपईच्या हंगामाचे पैसे घातलेली माणसं आमच्याकडे कमी नाहीत. तसला माणूस लांबून ओळखायचा कसा? तर असलं पुस्तक हातात दिसलं की ओळखायचा. रोज माझ्यापुढे सुपारी करणारे एक भाऊसाहेब त्या दिवशी चार सीट पलीकडूनच हात जोडून म्हणाले, "भाऊ, आपल्याला कोणतीच स्कीम नको." ते पुस्तक माझं अजून पुरं झालेलं नाही. पण बाजाराच्या दिवशी पिशवीत ठेवतो. ऐसपैस बसायला मिळतं.

उलट विनोबांची 'गीता प्रवचने' हातात असली की खिडकीच मिळते. एका बाईंनी तर पोराला उठवलं, "ऊठ, महाराजांना बसू दे." महाराजांच्या खिशाला पेन होतं आणि पिशवीत जुडीभर मेथी. पण नाइलाज झाला. त्या प्रवासात मी ताठ बसलो, सुपारी खाल्ली नाही, शेजारच्याशी पावसाबद्दल बोलतानाही जरा उंचावरून बोललो. पुस्तकानं दिलेला मान पुस्तकासाठी राखावा लागतो. गंमत अशी की हे पुस्तक तयार झालं ते धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अशी अठरा प्रवचनं विनोबांनी तिथं कैद्यांपुढे दिली आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली, तीही नाशिकच्या तुरुंगात. मराठी घरातल्या ज्या दोन पुस्तकांच्या वर्तणुकीबद्दल कुणाला कधी शंका आली नाही, ती दोन्ही जेलमधून सुटून आलेली. एसटीतल्या माणसांना हे सांगावं असं मनात येतं, पण मग खिडकी जाईल.

आमच्या गावात पुस्तकाचं नाव बघतात तसा रंगही बघतात, आणि त्याला कारण आहे. १९७१ साली जमीनमालक आणि आदिवासींमधल्या पाटीलवाडीच्या प्रकरणानं शहादा तालुका वर्तमानपत्रांत गेला. १९७२ मध्ये इथं श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल समाजातला माणूस गावोगाव हिंडून मजुरीचं आणि गेलेल्या जमिनींचं बोलू लागला, बाया दारूच्या भट्ट्या फोडायला निघाल्या. पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं शबनम पिशव्या अडकवून इथं येऊन राहिली. त्या पिशव्यांत पुस्तकं होती आणि ती लाल होती असं निदान शहाद्यात तरी सगळ्यांच्या लक्षात आहे. अंबरसिंग १९७४ साली गेले. पोरांची पुढं पांगापांग झाली, काही इथलीच झाली. पण लाल पुस्तकाकडे बघण्याची एक नजर गावात राहून गेली.

तर वाचनालयातून मी चिं. वि. जोशींचा चिमणराव आणला होता. वाचनालयानं जुन्या पुस्तकांना एकजात लाल रेक्झिनचं बाइंडिंग करून घेतलं आहे, त्यात कथा, कादंबरी, आरोग्य, ज्योतिष असा भेद केलेला नाही. शेजारी एक वयस्कर पाटील बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात खताच्या दुकानाची पिशवी. ते लोणखेडा जाईपर्यंत गप्प राहिले. मग बाइंडिंगकडे बोट दाखवून म्हणाले, "संघटनेचे का तुम्ही?"

आवाजात राग नव्हता. मी नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. "असाल तरी काय झालं," ते म्हणाले. "बरी पोरं होती ती. आमच्याशीच भांडायची आणि पाणी प्यायला आमच्याच विहिरीवर यायची." सगळ्या मजुरीच्या लढ्याचा हिशोब त्यांनी एवढ्यात मिटवला. दुसऱ्या बाजूला विचारलं असतं तर तो इतका झटकन मिटला नसता, हेही खरं. मी काही न बोलता उघडलेलं पान त्यांच्यापुढे केलं. त्यांनी चष्मा लावला. दोन ओळी वाचल्या, मग पान, मग पुढचं पान. प्रकाशाला पोचेपर्यंत त्यांची टोपी हसून हसून कानावर आली होती. चिमणरावाला कुणी संघटनेत घेतलंच असतं तर धास्ती जमीनमालकांनी नव्हे, संघटनेनं घ्यायला हवी होती, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. उरलेला प्रवास मी रिकाम्या हातानं खिडकीबाहेरचा ऊस बघत काढला. पुस्तक पाटलांच्या काखेत गेलं. "उद्या देतो," म्हणाले.

संघटनेच्या त्याच काळातून आलेले आमच्या तालुक्याचे कवी वाहरू सोनवणे. त्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह गाडीत वाचत होतो तेव्हा पलीकडच्या दोन ताईंनी चौकशी केली की शिवणाचा क्लास कुठं आहे आणि बचत गटाला सवलत मिळते का. यापेक्षा निष्पाप गैरसमज मला अजून भेटलेला नाही.

भालचंद्र नेमाडेंच्या बाबतीत मामला इतका सरळ राहिला नाही. नेमाडे आमच्या खानदेशचेच, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. २०१० साली त्यांची कादंबरी आली: 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ'. पण हे सगळं नाव वाचायला माणूस जवळ यावा लागतो. लांबून 'हिंदू' एवढंच दिसतं. पुस्तक भलं जाडजूड, लपणारं नव्हे. ते मांडीवर घेऊन बसलो आणि गाडी सुटण्याआधीच दोन तट पडले. पुढच्या सीटवरचा कपाळाला टिळा लावलेला एक तरुण वळून म्हणाला, "बरं केलं सर. आपल्या लोकांना हेच तर माहीत नाही." शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि खिडकीला चिकटले. त्यांचा आणि माझा चहा रोज एकाच टपरीवर होतो. त्या दिवशी आमच्यात वीतभर अंतर पडलं. मी दोघांनाही काही बोललेलो नव्हतो. मी तर खंडेराव नावाच्या खानदेशी शेतकऱ्याच्या मुलाच्या घरचं वाचत होतो.

शेवटी मीच पुस्तक पुढच्या तरुणाकडे दिलं. त्यानं मधलंच कुठलं तरी पान उघडलं, बराच वेळ वाचलं आणि परत करताना जरा फसवल्यासारखा म्हणाला, "यात तर आपल्या घरचंच आहे सगळं. शेती, भाऊबंदकी, आत्या..." हे ऐकून खिडकीचे गृहस्थ वळले. म्हणाले, "बघू." नंदुरबार येईपर्यंत दोघं एकमेकांना आपापल्या भाऊबंदांचे किस्से सांगत होते आणि मी पुन्हा रिकाम्या हातानं ऊस बघत होतो. या पुस्तकाचं इतक्या निःपक्षपातीपणे कुणी स्वागत केलं असेल असं वाटत नाही.

या सगळ्यावर उपाय काय? कव्हर. जपानात म्हणे पुस्तक विकत घेतलं की दुकानदारच कागदाचं कव्हर घालून देऊ का असं विचारतो, म्हणजे गाडीत कुणाला कळू नये आपण काय वाचतोय ते. इंग्लंडमध्ये 'हॅरी पॉटर' मोठी माणसंही वाचायला लागली तेव्हा प्रकाशकांनी त्यांच्यासाठी निराळ्या, गंभीर मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. आमच्या आधीच्या पिढीनं हा शोध आपला आपणच लावला होता. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या त्यांनी भूमितीच्या पुस्तकात घालून वाचल्या. त्याच काकोडकरांची 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली 'श्यामा' ही कथा अश्लील आहे म्हणून पुण्यात खटला झाला, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं सबंध कथा विचारात घेऊन सांगितलं की ही अश्लील नाही. एका दिवाळी अंकातल्या गोष्टीचा निकाल लागायला सात वर्षं आणि दिल्लीपर्यंतची वारी. भूमितीच्या आड दडून ज्यांनी काकोडकर वाचले त्यांना हा निकाल कळला का, कोण जाणे. कळला असता तर काहींची मजा गेली असती.

मीही मग वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. आतलं पुस्तक अगदी सोवळं होतं, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. पण कव्हराला घरात हाताशी आला तो रविवारचा वधू-वराचा कागद. त्या दिवशी कुणी माझं पुस्तक वाचलं नाही, सगळ्यांनी कव्हर वाचलं. "मुलगी आहे का मुलगा?" असं एका आजींनी विचारलं, मी "दोन मुलगे" असं सांगून बसलो, आणि नंदुरबार बायपासपर्यंत धुळ्याकडची तीन स्थळं माझ्यापुढे येऊन पडली. त्यातलं एक बरं होतं. कव्हर मी काढून टाकलं. झाकलेल्या पुस्तकाबद्दल लोक उघड्या पुस्तकापेक्षा दुप्पट विचार करतात.

आता कुणी म्हणेल, ही खेड्यापाड्याची एसटी, इथं असंच चालायचं. शिकल्यासवरल्या जागी पुस्तकाला नावावरून कोण जोखतं? त्यांना २८ ऑगस्ट २०१९ ची आठवण करून द्यावी लागेल. मुंबई उच्च न्यायालयात एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीच्या जामिनावर सुनावणी होती. त्याच्या घरातून जप्त केलेल्या वस्तूंची यादी न्यायमूर्तींपुढे होती आणि 'वॉर अँड पीस'सारखं पुस्तक घरी का ठेवलं, असं त्यांनी विचारल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवसापर्यंत देशभर हसणं पसरलं. टॉलस्टॉय वाचायचीही आता चोरी का! आमच्या गाडीतही रोज पेपर मोठ्यानं वाचणाऱ्या एका सरांनी ही बातमी दोनदा वाचली आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत टॉलस्टॉयची ती हजारावर पानं वाचलेला एकही नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

पण खरी मजा पुढं आहे. दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींनी खुलासा केला की टॉलस्टॉयची ती कादंबरी साहित्यातली थोर कृती आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आपण यादीतल्या पुस्तकांबद्दल विचारत होतो. आणि यादीतलं पुस्तक होतं बिस्वजित रॉय यांनी संपादित केलेलं 'वॉर अँड पीस इन जंगलमहल'. बंगालमधल्या जंगलपट्ट्याबद्दलचं. म्हणजे आरोपीला पुस्तकाच्या नावावरून जोखलं असं म्हणत जे हसले, त्यांनी न्यायमूर्तींना जोखलं ते पुस्तकाच्या अर्ध्याच नावावरून. आमच्या एसटीत 'हिंदू'चं झालं तेच. फक्त तिथं आवाज मोठा होता आणि आत काय आहे ते दाखवायला कुणाच्या मांडीवर पुस्तक नव्हतं. त्या आरोपीला जामीन मिळाला तो २८ जुलै २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयातून. नुसतं असलं साहित्य जवळ सापडलं म्हणून ते दहशतवादी कृत्य ठरत नाही, असं त्या निकालात आहे. खुलाशाची बातमी आली तेव्हा सरांनी ती मोठ्यानं वाचली नाही. तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आणखी एक पुस्तक सांगतो आणि पुरे करतो. विश्वास पाटलांची 'झाडाझडती'. धरणात गाव गेलेल्यांची कादंबरी, १९९२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. ती घेऊन मी खेतियाहून येत होतो. खेतिया मध्य प्रदेशात, हद्दीवर कधीकधी दारूसाठी गाडी थांबवून पिशव्या तपासतात. तपासायला चढलेला गडी माझ्यापर्यंत आला, पुस्तकाचं नाव वाचलं, जरा ताठ झाला आणि हळूच म्हणाला, "साहेब खात्यातले का?" माझी पिशवी त्यानं उघडलीच नाही. पिशवीत खेतियाची शेव होती.

तेच पुस्तक घेऊन दुसऱ्या एका खेपेला धडगावच्या गाडीत बसलो. शेजारी एक म्हातारी, अर्ध्या तिकिटाची, कमरेला चंची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. म्हसावद गेलं, घाट लागला, तरी ती माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडेच बघत होती. शेवटी मोडक्या मराठीत म्हणाली, "केवढं मोठं पुस्तक! कोणत्या बँकेचं?"

मी चरकलो. मग लक्षात आलं. तिच्या घरात जी पुस्तकं आली ती बँकेचं, रेशनचं आणि रोजगार हमीचं, आणि ती कशी पातळ असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतकं जाड पासबुक असणारा माणूस म्हणजे केवढा सावकार! आयुष्यात मला पैसेवाला समजलेली ती एकटीच बाई. मी सांगितलं, बँकेचं नाही. "मग रेशनचं?" तेही नाही. "मग आत काय लिवलं?"

नाव वाचता येत नव्हतं म्हणून तिला आतलं विचारावं लागलं. गाडीतल्या कुणीच हे मला आजवर पहिल्या दमात विचारलेलं नाही. मी सांगितलं, धरण बांधलं, गाव पाण्यात गेलं, माणसं दुसरीकडे नेऊन बसवली, त्यांची गोष्ट आहे. ती ऐकत राहिली. या भागात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, ती याच डोंगरातली, नर्मदेच्या काठची, आणि त्यातली कितीतरी माणसं उठून शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आली.

"आमच्या गावाचं नाव शे त्यात?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं. हे दुसऱ्या धरणाचं आहे, लांबचं.

"मग पुरं नाही झालं ते," म्हातारी म्हणाली आणि चंची सोडायला लागली.

त्या कादंबरीवर मी बरीच परीक्षणं वाचली आहेत. इतकं नेमकं बोट कुणी ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा एक विनंती. तुमच्या शेजारी कुणी वाचत बसला असेल तर त्याच्याबद्दल काही ठरवण्याआधी दोन पानं मागून घ्या. वाचणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, आणि त्यांना तेवढीच विश्रांती मिळते. पान फार आवडलं तर पुस्तक घरी न्यायलाही हरकत नाही. फक्त परत करा. चिमणराव अजून पाटलांकडेच आहे आणि वाचनालयाचा दंड मी भरतो आहे.